आधी घरच्या कुटाराच्या दहा बॅगा भर

प्रिय मावशी,
आमचं गाव आर्वी तालुक्यात. पाच एकर कोरडवाहू वावर, सोयाबीन आणि कपाशी, मधे तुरीची तासं. मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एक माणूस आला. त्याची कंपनी मशरूमच्या तयार बॅगा देते. एका बॅगेचे ३५० रुपये, कमीत कमी २०० बॅगा घ्यायच्या. एका बॅगेतून तीन किलो माल निघतो आणि वाळवलेला सगळा माल कंपनीच ८०० रुपये किलोने परत घेते, असं तो सांगतो. दिवाळीनंतर ७० हजार भरायचे आहेत. गळ्यातलं डोरलं आणि एकदाणी गहाण ठेवली तर जमतं. घरामागे ढोरांचा जुना कोठा रिकामा आहे, कवेलूचा. नवरा म्हणतो, तुझं तू पाहा. सासूबाईंना दमा आहे, त्या म्हणतात की कुत्र्याच्या छत्र्या घरात नको. मी काय करू?
– एक वाचक, जि. वर्धा

पोरी,

डोरलं गहाण ठेवू नकोस. बाकी सगळं सावकाश बोलू, हे मात्र आधी.

तुझ्या पत्रातले आकडे मी वहीत मांडून पाहिले. तूही मांड, आणि गटातल्या बायांसमोर मांड. धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, साधारण बॅग भरल्यावर तीन किलोच्या आसपास भरते. त्यात कोरडं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, किलोभर, बाकी सगळं पाणी. किलोभर कोरड्या कुटारावर दोन-तीन तोडण्या मिळून ५०० ते ७०० ग्रॅम ताजी धिंगरी निघाली तर पीक चांगलं साधलं म्हणायचं. तीन किलोच्या बॅगेतून तीन किलो माल निघत नसतो. पुढे वाळवण्याचं बघ. ताज्या धिंगरीत दहातले नऊ भाग पाणीच असतं, दहा किलो वाळवली की हातात किलोभर उरते. म्हणजे एका बॅगेमागे वाळलेला माल ६०-७० ग्रॅम. ८०० च्या भावाने त्याचे झाले पन्नासेक रुपये. बॅग ३५० ची आणि माल ५० चा! दोनशे बॅगांचे मिळून दहा हजार, तेही त्यानं शब्द पाळला तर. तू भरणार ७० हजार.

असा एक करार मीही केला होता. सोयाबीनचे आलेले ४० हजार दिले, स्टॅम्प पेपरवर सही झाली, फोटो काढले. पहिल्या खेपेला त्यानं माल नेला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, प्रत बसत नाही. तिसऱ्या खेपेला फोन लागेना. वाळवलेला माल मी पत्र्याच्या डब्यात भरून कोठीत ठेवला होता. पावसाळ्यात झाकण उघडलं तर आत कुबट वास, आणि माल हाताला नरम लागत होता. सगळा उकिरड्यावर टाकला. त्या रात्री मी जेवले नाही. म्हणून तुझं पत्र आल्यावर बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

पण यावरून मशरूम वाईट असं धरून चालू नकोस. पीक फार गुणाचं आहे आणि तू ते करावंस असं मला मनापासून वाटतं. ऑक्टोबरात आपल्याकडे हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालला की वावरावावरांत कुटाराचे ढीग पडतात. पूर्वी ते ढोरांच्या पोटात जायचं. आता दारात ढोरंच राहिली नाहीत, तुझाच कोठा रिकामा आहे. मग धुऱ्यावर काडी लावायची आणि दोन दिवस गावभर धूर. धिंगरीला नेमकं हेच कुटार लागतं. गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, चालतो, भंडारा-गोंदियाकडे धानाचं तणस चालतं, पण आपल्या भागात सोयाबीनच्या कुटारावर ती फार छान येते. जे ढोरालाही नीट पचत नाही असं काष्ठ ही बुरशी फोडते आणि त्यातून माणसाचं अन्न करते. उरलेलं कुटार गांडुळांना घाल, खत होऊन ते पुन्हा त्याच वावरात जातं. जमीन लागत नाही, विहीर लागत नाही. शेतीतलं काहीच वाया न घालवता केलेलं दुसरं असं पीक मला तरी माहीत नाही.

बटन मशरूमच्या नादी लागू नकोस. हॉटेलात जातं ते बटन. त्याला कंपोस्ट करण्यातच जुन्या पद्धतीनं चार आठवडे जातात आणि पीक धरायला १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो. वर्ध्याच्या हवेत एसीशिवाय ते होणार नाही. धिंगरीला २० ते २८ अंश पुरतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत तेवढं आपल्याला कोठ्यात सहज मिळतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री फार गारठा पडला तर वाढ मंदावते. तेव्हा दारावर पोत्याचा दुहेरी पडदा टाकायचा, एवढंच.

आता दहा बॅगा. दोनशे नाही, पन्नासही नाही, दहाच.

कुटार या हंगामाचं, पिवळंधमक, पावसात न भिजलेलं घे. काळपट पडलेलं किंवा कुबट वासाचं अजिबात घ्यायचं नाही, त्यात दुसऱ्या बुरश्या आधीच घर करून बसलेल्या असतात. हडंब्यातून आलेलं कुटार बारीकच असतं, कापावं लागत नाही. मात्र अगदी भुगा असेल तर बॅगेत दाबून बसतं आणि आत हवा खेळत नाही. त्यात थोडा गव्हांडा मिसळ, दोन-दोन बोटं लांब कापून. दहा किलो कुटार रात्रभर पाण्यात भिजू दे. सकाळी पोत्यात भरून गरम पाण्याच्या ड्रमात बुडव, पाणी ८० अंशांच्या आसपास तासभर राहिलं पाहिजे. थर्मामीटर विकत घे, बोट घालून अंदाज करण्याचं हे काम नाही. चुलीला कपाशीची पऱ्हाटी आहेच घरची. काही जण फॉर्मॅलिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात कुटार भिजवतात. ती पद्धत पुस्तकात आहे, चालतेही, पण त्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं आणि तुझ्या घरात दम्याचं माणूस आहे. तू गरम पाणीच वापर.

मग निथळवणं. मी ज्या ज्या वेळी फसले, त्यातल्या निम्म्या वेळी इथेच फसले. धुतलेल्या ताडपत्रीवर उतारानं कुटार पसर, सावलीत. थंड झालं की मूठभर घेऊन जोरात आवळ. पाण्याची धार लागली तर ओलं आहे, थांब. तळहात कोरडा राहिला तर जास्त वाळलं. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले आणि मूठ उघडल्यावर तळहात नुसता ओलसर दिसला की भरायला घे. हे वाचून कळत नाही, चार वेळा आवळून पाहिलं की हातालाच कळतं. भाकरीचं पीठ मळताना पाणी किती हे तुला कुणी मापून सांगितलं नव्हतं, तसंच.

बियाणं म्हणजे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. पिशवीत दाणे पांढऱ्याशुभ्र जाळीनं बांधलेले दिसले पाहिजेत. हिरवा, काळा डाग असेल किंवा आंबूस वास असेल तर परत कर. महिन्यापेक्षा जुनं घेऊ नकोस आणि उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवून आणू नकोस. ओल्या कुटाराच्या वजनाला दोन-तीन टक्के पुरतं, म्हणजे एका बॅगेला ६० ते ९० ग्रॅम. दहा बॅगांना किलोभरात भागतं. बॅगेत चार बोटं कुटार, कडेकडेनं बियाणं, पुन्हा कुटार, पुन्हा बियाणं, असे थर लाव. हात साबणानं धुऊन घे आणि भरताना बोलणं कमी ठेव. तोंड बांधून उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुईनं वीसेक भोकं पाड.

या बॅगा पंधरा ते वीस दिवस अंधारात ठेव. पाणी नाही, उघडझाप नाही. त्या वेळी कोठ्याचं दार उघडून रोज बघायचा मोह होतो, तो आवर. हळूहळू बॅग आतून पांढरी होत जाते, बोंडातून कापूस फुटावा तशी. सगळी पांढरी आणि हाताला टणक लागली की प्लास्टिक कापून काढ. मग उजेड थोडा, हवा मोकळी आणि ओल भरपूर. भिंतींना भिजवलेली बारदानं लाव, दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मार, खिडकीला बारीक जाळी बसव. फवाऱ्याचा पंप नवाच घ्यायचा, कपाशीवर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी नाही. दोन वर्षांपूर्वी एकीच्या शेडमध्ये सगळ्या बॅगांवर कोंब करपले होते. शोधता शोधता कारण एवढंच निघालं.

चार-पाच दिवसांत एका सकाळी बॅगेवर टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतील, घोळक्यानं. दुसऱ्या दिवशी ते हरभऱ्याएवढे असतात, तिसऱ्या दिवशी त्यांना पंख्यासारखा आकार येतो. इतक्या वर्षांनंतरही त्या तीन दिवसांत मी चहा कोठ्यातच घेते. देठ लांब आणि टोप्या लहान राहिल्या तर हवा कोंडते आहे असं समज, खिडकी उघड. टोपीची कड खाली वळलेली आहे तोवर तोड. वर वळायला लागली की उशीर झाला. पिरगाळून तोड, मुळाशी तुकडा ठेवू नकोस, सडतो. आठ-दहा दिवसांनी दुसरी तोडणी मिळते, मग तिसरी. कुठे हिरवी बुरशी दिसली तर ती बॅग त्याच दिवशी कोठ्याबाहेर, दूर. जीव लावून सांभाळत बसू नकोस, शेजारच्या नऊ जातील.

शिकायला पैसे भरायची गरज नाही. तुझ्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र सेलसुऱ्याला आहे, वर्धा-देवळी रस्त्यावर. तिथं जा, मशरूमचं प्रशिक्षण कधी आहे ते विचार. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि त्यांचं नागपूरचं कृषी महाविद्यालय, दोन्हींकडे वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे. चांगलं बियाणं कुठे मिळेल हे तिथं कळतं. मशरूमवर देशभरचं संशोधन चालतं ते हिमाचलातल्या सोलनच्या सरकारी संस्थेत, १९८३ पासून. त्यांची माहिती कुणालाही पाहता येते. गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे एकीनं ऐकलेलं दुसरीला आठवतं.

आता विकण्याचं. इथे मी तुला जरा घाबरवणार आहे.

कापूस घरात ठेवता येतो. भाव नाही पटला तर महिना थांब, दोन महिने थांब. धिंगरी थांबत नाही. सकाळी सहाला तोडलेली संध्याकाळी मलूल होते, दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, बस. म्हणून गिऱ्हाईक आधी आणि बॅग नंतर, हा क्रम कधी मोडू नकोस. कंपनीवाल्याच्या बोलण्याला बायका भुलतात त्या इथेच. आपल्याला पिकवायची भीती नसते, विकायची असते, आणि तो म्हणतो विकायचं माझ्यावर सोडा.

माझं गिऱ्हाईक आठवडी बाजारात तयार झालं. पहिल्या दोन आठवड्यांत पाव किलोही खपली नाही. लोक यायचे, बघायचे, म्हणायचे, हे व्हेज का नॉनव्हेज? तिसऱ्या आठवड्यात मी गॅसची लहान शेगडी आणि तवा घेऊन बसले. धिंगरी हातानं फाडली, कांदा, लसूण, तिखट, थोडं जवसाचं कूट आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाजूच्या भेदरं, म्हणजे टमाटे, विकणाऱ्या मावशींना आधी दिली. त्या दिवशी आणलेली तीन किलो दुपारी एकच्या आत संपली. त्यातली चार घरं आजही माझी आहेत. तुझ्या गावाहून सकाळची एसटी आर्वीला जात असेल. दर गुरुवारी म्हण, रविवारी म्हण, ठरलेल्या पंधरा घरांना २०० ग्रॅमचं पाकीट, वर भोकं पाडलेलं, नाहीतर आत पाणी सुटतं. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, बँकेतले साहेब, ज्यांना दर आठवड्याला वेगळी भाजी हवी असते असे लोक शोध. त्यांना सांग की ही बाराही महिने येणार नाही. खोटं सांगितलं की मार्चमध्ये गिऱ्हाईक तुटतं.

पैशाचा हिशेबही उघडच सांगते. दहा बॅगांतून दीड-दोन महिन्यांत सहा किलो मिळाली आणि २०० च्या भावानं गेली, तर बाराशे रुपये. बियाणं, पिशव्या वजा जाता आठ-नऊशे उरतील. हसू नकोस. हे पैसे नाहीत, ही फी आहे, आणि शिकून वर तुलाच मिळते आहे. त्यात दोनदा सफाईनं जमलं आणि गिऱ्हाईक मागे लागलं, तर पुढच्या खेपेला पंचवीस भर, मग शंभर. एकदम न भरता आठवड्याला पंधरा-वीस भर, म्हणजे माल रोज थोडा थोडा निघेल. शंभर बॅगांवर दोन महिन्यांत दहा-बारा हजारांची विक्री होऊ शकते, आणि त्यासाठी दोघींचे हात लागतात. कपाशी मोडून मशरूम करावं असं हे उत्पन्न नाही. डोरलं घरात ठेवून पोरांची फी, दवाखाना, किराणा निघावा असं आहे.

हात कुठून येणार तेही आत्ताच ठरव. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोंगणी आणि वेचणी अंगावर असते. बॅगा भरायचा एक पूर्ण दिवस जातो, पुढे सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. नवरा म्हणतो, तुझं तू पाहा. त्याला एवढंच सांग की कुटाराची पोती आणि गरम पाण्याचा ड्रम उचलायला तू हवास. बॅगा पांढऱ्या झाल्या की तो आपोआप डोकवायला लागेल, मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

मार्च उजाडला की थांब. चाळीसच्या वर पारा गेल्यावर धिंगरी येत नाही. उन्हाळ्यात दुधी मशरूम येतं, तिला ३० ते ३५ अंश मानवतात आणि ती आपल्याच देशातली, पश्चिम बंगालमधून पुढे आलेली जात आहे. पण तिच्यावर मातीचा थर द्यावा लागतो आणि मे महिन्यात कोठ्यात ८० टक्के ओल टिकवायला पाणी फार लागतं. ज्या गावात उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात तिथे मी ते सुचवणार नाही. तुझ्या गावचं पाणी तुला माहीत.

सासूबाईंचं सगळ्यात शेवटी घेतलं, पण ते लहान नाही. त्यांची भीती खरी आहे. पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी छत्री खाऊन माणसं दगावतात, ती कुणी खाऊच नये. पण त्यांना विचार, पूर्व विदर्भात कुणी पाव्हणे आहेत का? तिकडे पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या खायच्या छत्र्या, आल्या की लोक मटणाला मागे सारतात. सात्या वारुळापाशी येते, उधई, म्हणजे वाळवीच तिला वारुळात वाढवते, म्हणून ती आपल्याला पिकवता येत नाही. धिंगरीचं तसं नाही. तिचं बियाणं ओळखीचं, कुटार ओळखीचं, दुसरं काही उगवलं तर लगेच दिसतं. पहिली भाजी त्यांच्या हातची कर. तिखटाचा अंदाज त्यांचाच असू दे.

दम्याचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. धिंगरी पिकली की तिच्यातून पीठासारखे बारीक कण उडतात, त्यांनी खोकला, धाप लागू शकते. कोठा त्यांच्या झोपायच्या खोलीला लागून असेल आणि मधे नुसता कूड असेल, तर तिथं करू नकोस. गटातल्या दुसऱ्या कुणाकडे जागा बघ. वेगळा असेल तर त्यांनी आत जायचं नाही, तूही नाकाला फडकं बांधूनच जा, माल वेळेत तोड आणि कोठ्यातले कपडे बदलून मग घरात ये. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घे.

दिवाळीनंतर तो माणूस येईल. भांडू नकोस. तुझी वही उघडून त्याच्यासमोर ठेव आणि विचार: एका बॅगेत कोरडं कुटार किती, त्यातून वाळलेला माल किती ग्रॅम, आणि गेल्या वर्षी ज्यांच्याकडून माल परत घेतला अशा पाच बायांची नावं-गावं सांगा, आम्ही गटानं जाऊन त्यांना भेटून येतो. तो सांगेल ते लिहून घे आणि मला कळव. तोवर कुटाराची दोन पोती ओसरीवर, कोरड्यात ठेव. यंदाचा पाऊस अजून गेलेला नाही.

– मावशी